साठ अंशांचा मोह

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

आजचा विषय गोल्फचा आहे हे ऐकून काही जणांनी रेडिओचा कान पिळायला हात पुढे केला असेल. त्यांनी घटकाभर थांबावे, ही विनंती. हा खेळ आपल्याकडे मोजक्या लोकांचा, हे खरेच. नाशकात ‘गोल्फ क्लबवर जाऊन येतो’ म्हणणारा माणूस क्रिकेट पाहून नाहीतर सकाळच्या फेऱ्या मारून येतो. त्या मैदानाला हुतात्मा अनंत कान्हेरे यांचे नाव दिले गेले, तरी जुने नाव लोकांच्या तोंडातून गेलेले नाही. एवढाच काय तो अनेकांचा गोल्फशी संबंध.

माझा संबंध थोडा वेगळ्या वाटेने आला. माझे अब्बा छावणीतल्या नऊ होलच्या मैदानावर माळी होते. शाळेच्या सुट्टीत मी साहेब लोकांच्या पिशव्या खांद्यावर घेऊन मागे चालायचो, म्हणजे कॅडीचे काम करायचो. त्यामुळे खेळायच्या आधी मी खेळ पाहिला आणि तोही मागून पाहिला. मागून पाहणाऱ्याला जे दिसते, ते खेळणाऱ्याला सहसा दिसत नाही. आज जे बोलणार आहे ते त्या जागेवरून.

प्रश्न छोटा आहे. चेंडू हिरवळीच्या म्हणजे ग्रीनच्या काठाशी, पाच-दहा पावलांवर पडलेला आहे. समोर झेंडा आहे. अशा वेळी तुमच्या-माझ्यासारख्या हौशी खेळाडूने पिशवीतून कोणती काठी काढावी? (गोल्फच्या काठीला इंग्रजीत क्लब म्हणतात. आपल्याला क्लब म्हटले की इमारत आणि तिच्या दारावरचा रखवालदार आठवतो, म्हणून मी काठीच म्हणतो.)

काठीचे लोखंडी तोंड मागे कललेले असते. त्या कलाला लॉफ्ट म्हणतात आणि तो अंशांत मोजतात. हिरवळीवर चेंडू ढकलायच्या पटरचा लॉफ्ट तीन-चार अंश, म्हणजे तोंड जवळजवळ उभेच. सात नंबरच्या लोखंडाचा तिशीच्या घरात. पिचिंग वेजचा ४४ ते ४८, सँड वेजचा ५४ ते ५६. त्याच्याही पुढे ५८, ६०, क्वचित ६४ अंशांची जी काठी येते ती लॉब वेज. तिचे तोंड इतके पाठीवर पडलेले असते की वरून पाहिले तर पसरट कालथा ठेवल्यासारखे दिसते. तिने नीट मारलेला चेंडू ताडमाड वर जातो, खाली येतो आणि आल्या जागी बसतो. दूरदर्शन संचावर हे दृश्य फार सुंदर दिसते. दुकानात जाऊन माणूस ती काठी विकत घेतो, ती त्या दृश्यापायी.

माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला भांडायला बरे पडेल. आठवड्यातून एकदा खेळणाऱ्याने ही काठी हिरवळीच्या आसपास दहापैकी नऊ वेळा पिशवीतच ठेवावी.

का, ते समजायला विटीदांडू आठवा. गलीवरची विटी कोलताना दांडू नेमका तिच्याखाली शिरावा लागतो. अर्धा बोट वर गेला तर विटी तिथल्या तिथे गडगडते, अर्धा बोट खाली गेला तर दांडू मातीत. लॉब वेजचे तसेच आहे. साठ अंशांच्या तोंडाने मारलेला चेंडू बळाचा मोठा भाग वर जाण्यातच खर्च करतो, पुढे जायला थोडेच उरते. म्हणून दहा पावलांच्या अंतरालाही हात बराच मागे न्यावा लागतो. सात-आठ नंबरच्या लोखंडाला तेवढ्याच कामासाठी जेमतेम गुडघ्याएवढा झोका पुरतो. झोका जेवढा मोठा तेवढी चुकायला जागा जास्त, हे सांगायला शास्त्रज्ञ नको. काठीची धार चेंडूच्या पोटावर बसली तर चेंडू वर न जाता गोळीसारखा हिरवळीपलीकडे. धार चेंडूच्या आधी जमिनीत शिरली तर चेंडू हातभर पुढे. दोन्ही चुका एकाच माणसाकडून, एकाच सकाळी, लागोपाठ होतात. मी त्या पुष्कळ पाहिल्या आहेत.

आणखी एक गोष्ट. काठी आणि चेंडू यांच्या मध्ये गवत आले किंवा दव असले की घर्षण कमी होते. जास्त लॉफ्टच्या तोंडावरून चेंडू मग सरकतो, अपेक्षेपेक्षा जास्त वर आणि कमी पुढे जातो आणि त्याला फिरकीही नीट बसत नाही. म्हणजे ज्या थांबण्यासाठी ही काठी घेतली तेच होत नाही. व्यावसायिक खेळाडूंची जमीन गालिच्यासारखी कापलेली असते. आपली तशी नसते.

आता कोणी म्हणेल की मोठमोठे खेळाडू ही काठी वापरतात, ते काय वेडे आहेत? मुळीच नाही. पण ती त्यांच्या हातात कशी आली हेही पाहायला हवे. वाळूतून चेंडू काढायची सँड वेज आज ज्या रूपात आहे, त्याचे श्रेय अमेरिकेच्या जीन सराझनला देतात. काठीच्या तळाला मागच्या बाजूने धातू वाढवायचा, म्हणजे ती वाळूत रुतणार नाही, असा विचार त्याने केला. विमानाच्या शेपटीची फळी हलताना पाहून ही कल्पना सुचली, असे तो सांगत असे. १९३२ मध्ये तो ही काठी घेऊन इंग्लंडात ओपन खेळला आणि जिंकला. काठीवर बंदी येऊ नये म्हणून ती पिशवीत उलटी लपवून ठेवत होतो, असेही तो सांगे. म्हणजे मुळात गरज आधी आली, हत्यार मागाहून.

लॉब वेजचेही तसेच. १९८० च्या दशकात टॉम काइटने ६० अंशांची काठी पिशवीत ठेवायला सुरुवात केली आणि ती लोकांच्या नजरेत भरली. नियमाने पिशवीत १४ काठ्यांहून जास्त नेता येत नाहीत, अमेरिकेत १९३८ पासून आणि इंग्लंड-स्कॉटलंडकडे १९३९ पासून. तेव्हा एक नवी घ्यायची तर एक जुनी काढायला हवी. काइटने तो हिशेब करून ती घेतली होती. १९९२ च्या यूएस ओपनमध्ये पेबल बीचच्या सातव्या होलवर, समुद्रावरून सोसाट्याचा वारा सुटलेला असताना, त्याने हिरवळीबाहेरून थेट खड्ड्यात चेंडू घातला, तो या काठीनेच. ती स्पर्धा तो जिंकला. पण त्यामागे त्याची वर्षानुवर्षांची, रोजची मेहनत होती. आपण रविवारी पहिल्या होलवर जाण्याआधी पाच चेंडू मारतो, त्यातले तीन ड्रायव्हरने.

याउलट दुसरे उदाहरण देतो. १९७६, रॉयल बर्कडेल, ओपनचा शेवटचा दिवस, शेवटचा होल. १९ वर्षांचा सेव्ह बायेस्तेरोस, स्पेनचा पोरगा, जगाला फारसा माहीत नसलेला. चेंडू हिरवळीच्या डावीकडे, मध्ये दोन बंकर. कोणीही वरून उडवला असता. त्याने दोन बंकरांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीतून चेंडू जमिनीवरून पळवला, खड्ड्याजवळ नेला, पट घातला आणि जॅक निकलॉसच्या बरोबरीने दुसरा आला. पहिला आला जॉनी मिलर. पण त्या दिवसाचे लोकांच्या लक्षात राहिले ते सेव्हचे जमिनीवरचे धावते चेंडू. हा मुलगा पेद्रेन्याच्या समुद्रकिनाऱ्यावर एकाच जुन्या तीन नंबरच्या लोखंडाने खेळायला शिकला होता. एकाच काठीने उंच, सखल, तिरपे सगळे.

हे वाचले तेव्हा मला आमचे कॅडी आठवले. आमच्या मैदानावर सात-आठ पोरांत मिळून एक काठी असायची. कोणा साहेबाने टाकून दिलेली, मुठीचे रबर झिजलेले, बहुधा सहा नाहीतर सात नंबर. नंबर पुसला गेलेला असायचा. संध्याकाळी साहेब गेले की त्याच काठीने एकेक आणा लावून, पुढे चार-चार आणे लावून पोरे खेळायची. चेंडू उडवायला काही साधनच नव्हते, म्हणून तो चालवायला शिकलो. कुठे टप्पा टाकला तर कुठे वळेल, उताराला किती धावेल, सकाळी दव असताना किती अडेल, हे पायांना कळायचे. अब्बा गवत कापताना आम्हाला पाहायचे. एखादा पोऱ्या साहेबाची नक्कल करून चेंडू आभाळात फेकू लागला की म्हणायचे, ‘‘अरे, जमीन पे चलाओ. हवा में क्या रखा है?’’ जमीन त्यांनी स्वतः हाताने सारखी केलेली होती. त्यांना तिचा भरवसा होता.

भारतीय गोल्फचा इतिहास पाहा, त्यात अशी पोरे कितीतरी दिसतील. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू अली शेर हा दिल्लीचा, कॅडीच्या कामातून वर आलेला. १९९३ मध्ये त्याने ती पुन्हा जिंकली. कोलकात्याच्या शिवशंकर प्रसाद चौरासियाचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये मैदान राखायचे. १८२९ साली स्थापन झालेला हा क्लब ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना. चौरासिया देहाने लहानखुरा, लांब मारणारा नव्हे. पण हिरवळीच्या आसपास त्याचा हात असा की लोक त्याला ‘चिपपट्सिया’ म्हणू लागले. २००८ मध्ये त्याने दिल्लीत इंडियन मास्टर्स जिंकली, २०१६ आणि २०१७ मध्ये लागोपाठ इंडियन ओपन. त्याच्या पिशवीत वेज नसतात असे मी म्हणत नाही, चांगल्या असतात. पण हात आधी तयार झाला, पिशवी नंतर भरली.

आता थोडे घरगुती. आमचे एक स्नेही आहेत, बँकेतून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना नाना म्हणतो. पत्नी गेल्यावर ते घरात बसून राहू लागले, तेव्हा आम्ही तिघांनी ओढून त्यांना मैदानावर आणले. चौघांचा कंपू जमला. नानांचा लांबचा खेळ बेताचा, पण हिरवळीजवळ ते आठ नंबरने चेंडू छान सरकवायचे आणि पैजेचा चहा बहुतेक वेळा आम्हालाच पाजावा लागायचा. मग त्यांच्या मुलाने परदेशातून साठ अंशांची चकचकीत वेज पाठवली. मुलाने प्रेमाने पाठवलेली वस्तू, ती न वापरून कसे चालेल? नाना ती काढू लागले. एक चेंडू जमिनीत, पुढचा पलीकडच्या बंकरात. चार महिन्यांत माणसाची अशी अवस्था झाली की हिरवळ जवळ आली की हात आखडायचा. शेवटी शेवटी ते चेंडू उचलून खिशात घालायचे आणि ‘‘तुमचं चालू द्या’’ म्हणून झाडाखाली उभे राहायचे. मग दोन रविवार आलेच नाहीत.

त्यांचा कॅडी पन्नाशीचा, माझ्याच वयाचा. बारा वर्षे त्यांचीच पिशवी उचलतो. नाना आले नाहीत तर त्याचीही रोजी बुडते, हे उघड आहे. पण त्याच्या बोलण्यात तो विषय नव्हता. मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘‘साहेबांना सांगा, ती काठी घरी ठेवून या. मी बोललो तर बरं दिसायचं नाही.’’

गुरुवारी मी नानांकडे चहाला गेलो आणि निरोप जसाच्या तसा सांगितला. ते बराच वेळ कपाकडे पाहत बसले. मग म्हणाले, ‘‘हे त्यानं मला का नाही सांगितलं?’’

मी म्हटले, ‘‘नाना, बारा वर्षांत तुम्ही त्याला कधी विचारलंत?’’

मंडळी, या खेळातली ही एक खोड मला अजून सलते. पिशवी वाहणाऱ्याला हिरवळीचा चढ-उतार घरच्या अंगणासारखा पाठ असतो. पण तो काठी पुढे करणार ती साहेबाने मागितलेलीच. मी पोर असताना एका अधिकाऱ्याला न विचारता सात नंबर पुढे केला होता. त्यांनी ती परत पिशवीत टाकली, आपल्याला हवी ती ओढून काढली आणि चेंडू थेट बाभळीत घातला. बक्षीस त्या दिवशी कोणालाच मिळाले नाही.

नाना पुढच्या रविवारी आले. दुसऱ्या होलवर चेंडू हिरवळीच्या बाहेर दोन पावलांवर. त्यांनी मान वळवून विचारले, ‘‘काय घेऊ रे?’’ त्याने आठ नंबर दिला आणि बोटाने जागा दाखवली. चेंडू त्या जागेच्या बराच अलीकडे पडला, खड्ड्यापासून तीन पावले थांबला. काही चमत्कार झाला नाही. पण नाना पुढचा पट घालायला झाडाखाली न जाता हिरवळीवर गेले.

आता ज्यांना करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी हिशेब सांगतो. तो माझा नव्हे, जुना आहे, पण आपल्याकडे कमी जणांना ठाऊक दिसतो. बारामधून काठीचा नंबर वजा करायचा. सात नंबर घेतला तर उरले पाच, म्हणजे चेंडू हवेत एक भाग जाईल आणि जमिनीवरून पाच भाग धावेल. आठ नंबरला एकास चार, नवाला एकास तीन. पिचिंग वेजला दहा धरा, एकास दोन. समजा खड्डा बारा पावलांवर आहे आणि हिरवळ दीड पावलावर सुरू होते. सात नंबरने चेंडू दोन पावलांवर टाकला की तो हिरवळीवर पडतो आणि उरलेली दहा पावले स्वतःच्या पायांनी जातो. हिरवळ चार पावलांवर सुरू होत असेल तर सात नंबरचा टप्पा गवतात पडेल, तेव्हा जास्त लॉफ्ट हवा. हा हिशेब सपाट, मध्यम वेगाच्या हिरवळीचा. चढ असेल तर एक नंबर लहान घ्या, उतार असेल तर एक मोठा. हात पटरसारखा हलवायचा, मनगट मोडायचे नाही. आणि गवत बारीक कापलेले असेल, मध्ये काही नसेल, तर सरळ पटरच घ्या. त्यात कमीपणा नाही. अमेरिकेत या युक्तीला गमतीने ‘टेक्सास वेज’ म्हणतात.

विरुद्ध बाजूला एक वजनदार मुद्दा आहे, तो टाळणार नाही. कित्येक चांगले शिक्षक म्हणतात, पाच काठ्या अर्धवट वापरण्यापेक्षा एकच वेज घट्ट ओळखीची करा. हे मला पटते. पण ती एक काठी ५४-५६ अंशांची असावी, साठची कशाला? दुसरे असे, की हल्लीच्या संचांत लोखंडांचे लॉफ्ट कमी केलेले असतात. जुन्या काळी पिचिंग वेज पन्नाशीच्या जवळ असायची, आता ४३-४४ अंशांचीही मिळते. त्यामुळे तिच्याखाली एक-दोन वेज लागतात, ही हौस नाही, गरज आहे. पन्नास आणि छप्पन्न घेतल्या की बहुतेकांचे भागते.

जमिनीचाही विचार करा. आपल्याकडे होळी झाली की पावसाळा येईपर्यंत पुष्कळ मैदाने टणक होतात, गवत विरळ होते. काठीच्या तळाला जो फुगवटा असतो, त्याला बाउन्स म्हणतात, तो अशा जमिनीवर आपटून उसळतो आणि धार चेंडूच्या पोटावर बसते. पावसाळ्यात उलटे. कमी बाउन्सची काठी चिखलात शिरते ती बाहेर यायला तयार नसते. परदेशी जाहिरातीतली काठी कोणत्या जमिनीसाठी घडवली आहे, हे विचारल्याशिवाय पैसे मोजू नयेत. (कवी लोकांतही हे आहे. नव्या गझलकाराला सगळ्यांत अवघड काफिया हवा असतो, आणि तिसऱ्या शेरापर्यंत येताना त्याचा दम जातो.)

मग लॉब वेजची ती दहातली एक वेळ कोणती? खड्डा अगदी हिरवळीच्या काठाशी, मध्ये बंकर, पलीकडे उतार आणि चेंडूखाली मऊ, भरपूर गवत. एवढे सगळे एकदम असेल तर काढा. त्यातही झेंड्यावर नेम न धरता हिरवळीच्या मध्यावर धरला, तर एक पट जास्त लागेल, पण चेंडू वाळूत जाणार नाही. नानांनी मुलाची वेज घरी ठेवलेली नाही. ती पिशवीतच आहे, आणि बंकरातून चेंडू काढायला ते तीच वापरतात, बरी वापरतात.

ज्यांना माझे म्हणणे पटलेले नाही, त्यांनी येत्या रविवारी अर्धा तास लवकर जावे. सोबत वीस चेंडू न्यावेत. हिरवळीबाहेर तीन पावलांवर उभे राहून दहा चेंडू लॉब वेजने मारावेत, दहा आठ नंबरने, एकाच खड्ड्याकडे. कॅडीला पावलांनी अंतर मोजायला सांगावे, दोन्हींची बेरीज करावी, आणि जाता जाता त्यालाही विचारावे की तो असता तर त्याने काय घेतले असते.